दुबार नोंदींमागची माणसं

मी व्यवसायानं ग्रंथपाल. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या नोकरीची तीस वर्षं गेली. पण आज मी पुस्तकांबद्दल नाही, स्थळांबद्दल बोलणार आहे. स्थळं म्हणजे लग्नाची स्थळं.

२००४ साली आमच्या उपनगरातल्या वधूवर सूचक मंडळानं वेबसाइट काढायचं ठरवलं. तोवर सगळा कारभार फुलस्केप वह्यांवर चाले. एका वहीत मुली, एका वहीत मुलगे, पानावर फोटो डकवलेला. रविवारी सकाळी पालक येत, बाकावर बसून वह्या चाळत आणि चिठोऱ्यावर नंबर उतरवून घेत. वेबसाइट आली तेव्हा वह्यांमधली माहिती कॉम्प्युटरवर चढवली आणि यापुढची माहिती ज्याची त्यानं घरूनच भरायची असं ठरलं. देखरेख कोणी करायची? नोंदींची सवय असलेल्या ग्रंथपालबाईंनी, असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं.

सहा महिन्यांत लक्षात आलं, की नोंदींचा आकडा फुगलाय, पण माणसं काही तेवढी नाहीत. एक मुलगा तर तीनदा होता. एकदा त्यानं स्वतः नाव घातलं होतं, एकदा आईनं आणि एकदा मामींनी. स्वतःच्या नोंदीत उंची पाच फूट सहा इंच, आईच्या नोंदीत सात आणि मामींच्या नोंदीत आठ! पगाराचंही तसंच. लोक तक्रार करू लागले, की तीच ती स्थळं पुन्हा पुन्हा दिसतात. मग मी एक साधा नियम केला. नाव, आडनाव आणि जन्मवर्ष जुळलं, की नवी नोंद ठेवायची, जुनी काढून टाकायची. माझ्या भाच्यानं तसा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. एका रात्रीत यादी स्वच्छ झाली. मला फार समाधान वाटलं.

आठ महिन्यांनी कऱ्हाडहून एक गृहस्थ आले. हातात वर्गणीची पावती. म्हणाले, "बाई, सुरुवातीला महिन्याला दोन-तीन फोन यायचे. आता आठ महिन्यांत एकही नाही. घरात आता पोरीलाच बोल लावायला लागलेत. जरा बघा, काय लिहायचं चुकलंय का." मी बघितलं. मुलीची नोंदच नव्हती. त्याच नावाची, त्याच आडनावाची, त्याच वर्षी जन्मलेली सांगलीची एक मुलगी नंतर नोंदली गेली होती. माझ्या नियमानं कऱ्हाडच्या मुलीला तिची जुनी नोंद समजून पुसून टाकलं होतं. मी माफी मागितली. ते गृहस्थ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नकार आला असता तर समजलं असतं बाई. पण ती तिथं नव्हतीच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपली चूक नेमकी कुठं झाली, हे शोधताना मी आपल्याच धंद्याच्या इतिहासात मागे गेले. तिथं दिसलं, की दुबार नोंदींचं दुखणं काही इंटरनेटनं आणलेलं नाही.

अंतोनियो पानिझ्झी नावाचा इटलीतला एक राजकीय निर्वासित १८२३ साली इंग्लंडला आला आणि पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये छापील ग्रंथांचा प्रमुख झाला. तिथल्या तालिकेसाठी त्यानं सहकाऱ्यांबरोबर ९१ नियम तयार केले. ते १८४१ साली छापले गेले. इतके नियम कशाला, नुसती यादी करा आणि मोकळे व्हा, अशी टीका त्याच्यावर पुष्कळ झाली. पण त्याला यादी नको होती, वाट हवी होती. पुस्तकाची पूर्ण नोंद एकाच ठिकाणी करायची आणि वाचक दुसऱ्या नावानं शोधत आला, तर त्याला तिथून मुख्य नोंदीकडे पाठवायचं. आमच्या ग्रंथालयांतलं "पाहा" असं लिहिलेलं कार्ड याच परंपरेतलं. राम गणेश गडकरी कविता लिहिताना गोविंदाग्रज, विनोद लिहिताना बाळकराम. माणूस एक, नावं तीन. ग्रंथपाल त्यातलं एकही नाव खोडत नाही. गोविंदाग्रज या कार्डावर "पाहा : गडकरी" असं लिहितो. तीस वर्षं मी स्वतः हेच केलं होतं. आणि माणसांची यादी हातात आल्यावर मात्र खोडरबर उचललं होतं.

पुस्तकावर लेखकाचं नाव छापलेलं तरी असतं. माणसांच्या नोंदीत नावाचाच घोटाळा असतो. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली नाव उच्चारावरून लावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे साउंडेक्स ही पद्धत रूढ झाली. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. आपलं दीक्षित हे आडनाव इंग्रजीत कोणी एक्स घालून लिहितात, कोणी के-एस-एच लिहून. साउंडेक्समध्ये दोघंही डी-२३० या एकाच कप्प्यात येतात. पण डब्ल्यूनं लिहिलेले वाघ आणि व्हीनं लिहिलेले वाघ वेगवेगळ्या कप्प्यांत जातात, कारण पहिलं अक्षर ही पद्धत आहे तसंच ठेवते. १९३५ साली अमेरिकेत वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा अनेकांकडे जन्माचा दाखला नव्हता. मग १८८० च्या जनगणनेत दहा वर्षांची किंवा त्याहून लहान मुलं असलेल्या घरांची साउंडेक्सप्रमाणे कार्डं केली गेली. कारण पेन्शनच्या वयाला येणारी माणसं त्याच मुलांमध्ये सापडणार होती. म्हणजे कार्ड सापडतं की नाही, यावर कोणाचं तरी म्हातारपण अवलंबून होतं.

१९४६ साली हॅल्बर्ट डन या अमेरिकन अधिकाऱ्यानं एक कल्पना मांडली. प्रत्येक माणसाचं आयुष्य हे एक पुस्तक आहे. जन्माची नोंद हे पहिलं पान, मृत्यूची शेवटचं. मधली पानं वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात. ती एकत्र बांधायची. बांधणी करायची म्हणजे पान नेमकं कोणत्या पुस्तकातलं, हे आधी ठरवायला हवं.

ते ठरवायची रीत कॅनडात हॉवर्ड न्यूकोम या आनुवंशशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९५९ साली दाखवली. किरणोत्सर्गाचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो, हे अभ्यासण्यासाठी त्यांना जन्माच्या आणि विवाहाच्या नोंदी कॉम्प्युटरवर जुळवायच्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्या जुळण्या सारख्या वजनाच्या नसतात. पुण्यात दोन नोंदींत जोशी हे आडनाव जुळलं, तर त्यानं फारसं काही सिद्ध होत नाही. एखादं दुर्मीळ आडनाव जुळलं, तर मात्र कान टवकारावेत. आणि एका आडनावावर विसंबण्यापेक्षा त्यांनी नवऱ्याचं आडनाव आणि बायकोचं माहेरचं आडनाव अशी जोडी धरली.

हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. आपल्याकडच्या वधूवर फॉर्मवर पिढ्यानपिढ्या एक रकाना असतो, मामेकुळाचा. मामांचं आडनाव आणि गाव. कऱ्हाडच्या मुलीचं मामेकुळ वेगळं, सांगलीच्या मुलीचं वेगळं. कागद समोर होता, रकाना भरलेला होता. आम्ही तो वाचलाच नव्हता.

कॅनडातल्याच इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर यांनी १९६९ साली या सगळ्याला गणिताची बैठक दिली. त्यांनी जोड्यांचे तीन गट केले. नक्की एकच, नक्की वेगळे आणि सांगता येत नाही असे. हा तिसरा गट माणसानं डोळ्यांनी तपासायचा. चुकाही दोन प्रकारच्या. एकाच माणसाला दोन समजणं आणि दोन माणसांना एक समजणं. एक चूक कमी करायला गेलं, की दुसरी वाढते. आमच्या कामात या दोन चुकांची किंमत सारखी नव्हती. एक मुलगा तीनदा दिसला, तर लोक वैतागतात. दोन मुलींची एक झाली, तर एक मुलगी नाहीशी होते. माझ्या नियमात तिसरा गट नव्हताच.

याच सुमाराला दुसरी अडचण आली, ती सर्च इंजिनांची. आमच्या वेबसाइटवर नाव-पत्ता वगळून स्थळाची थोडक्यात माहिती सगळ्यांना दिसत असे. पण शोधायला गेलं, की गुगल आमची चार-दोन पानं दाखवी आणि आधीच्यासारखीच असलेली बाकीची पानं वगळली आहेत, असं खाली लिही. लोकांना वाटे, आपल्याला शिक्षा झाली. तशी ती शिक्षा नसते. सारखी पानं दिसली, की सर्च इंजिन त्यातलं एक निवडतं आणि बाकीची मागे ठेवतं.

सारखेपणा कसा ओळखतात, हे १९९७ साली आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या प्रसिद्ध सर्च इंजिनानं गोळा केलेल्या तीन कोटी पानांवर त्यांनी प्रयोग केला. मजकुराचे दहा-दहा शब्दांचे तुकडे पाडायचे, तेही एकमेकांवर चढलेले. पहिला ते दहावा शब्द, दुसरा ते अकरावा, असे. छपरावर कौलं एकमेकांवर चढवून घालतात, तसं. इंग्रजीत त्या पद्धतीचं नावही अशा छपराच्या फळ्यांवरूनच पडलं. दोन पानांत किती कौलं सामाईक आहेत, त्यावरून सारखेपणा ठरतो.

आता आमची स्थळं बघा. "मुलगी सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ. अपेक्षा : निर्व्यसनी, सुशिक्षित, स्वतःचे घर." निम्म्या मुलींची कौलं तीच! यंत्राच्या दृष्टीनं त्या एकमेकींच्या नकला. उलट तो तीन नोंदींचा मुलगा बघा. आईनं मराठीत लिहिलेलं, त्यानं इंग्रजीत, मामींनी स्वतःच्या खास शैलीत. एकही कौल सामाईक नाही. यंत्राच्या दृष्टीनं ते तीन वेगळे मुलगे. तेव्हा मला उमगलं, की मजकूर सारखा असणं आणि माणूस एक असणं, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. मी एकाच कात्रीनं दोन्ही कापत होते.

तिसरा प्रकार आमचा आम्हीच केलेला होता. एकाच मुलीचं पान गावाच्या यादीतून उघडलं, तर पत्ता एक. शिक्षणाच्या यादीतून उघडलं, तर दुसरा. पान तेच, पत्ते चार. यावर फेब्रुवारी २००९ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून एक उपाय जाहीर केला. पानाच्या पोटात एक ओळ लिहायची, की माझा मुख्य पत्ता अमुक. इंग्रजीत तिला कॅनॉनिकल म्हणतात. ती ओळ बघून मला हसू आलं. पानिझ्झीच्या वाटेवरचं "पाहा" कार्डच ते, नव्या कपड्यांत आलेलं.

मग आम्ही काम पुन्हा मांडलं. एका माणसाचं एकच मुख्य पान. याद्यांमध्ये फक्त नंबर, गाव आणि त्या पानाकडे जाणारा दुवा. दुबार नोंद नक्की ठरली, तर तिचा जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप मुख्य पानावर पाठवायचं, पोस्टमन बदललेल्या पत्त्यावर टपाल पाठवतो तसं. संशयाच्या जोड्या वेगळ्या काढायच्या, मामेकुळ आणि जन्मतारीख ताडायची, मग घरी फोन करायचा. कोणती नोंद ठेवायची, हे ज्याचं स्थळ त्यानं सांगायचं. आणि पुसायचं काही नाही. बाजूला ठेवायचं, म्हणजे चुकलं तर परत आणता येतं. नव्या फॉर्ममध्ये आम्ही एक विनंतीही घातली, की स्वतःबद्दल तीन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा. एका मुलीनं लिहिलं, "मला पोळ्या येत नाहीत, पण ट्रॅक्टर चालवता येतो." तिची कौलं कोणाशी जुळणार?

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तिथं दुबार माणूस ओळखायला दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं वापरतात. लोकांनी घरी बसून भरलेल्या स्थळांना ठसे नसतात. तिथं फोन करून विचारणं, हाच ठसा.

कऱ्हाडच्या मुलीची नोंद मी त्याच दिवशी परत घातली. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. आमच्या मंडळातून नव्हे, मावशीच्या ओळखीतून. मला लग्नाच्या दोन पत्रिका आल्या. एक मंडळाच्या पत्त्यावर, एक घरी. दोन्हींवर माझं आडनाव वेगवेगळं लिहिलेलं. मी दोन्ही जपून ठेवल्या आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)