पूर्वकलन शिक्षण, वडोदरा येथील

कलनाकडे वळण्याआधी लागणाऱ्या गणिताचे माध्यमिक शाळेतील अध्यापन. अमेरिकेत हा स्वतंत्र विषय असतो, भारतात नाही. येथे फलन, त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, रेषा व शंकुच्छेद हे सारे अकरावीच्या गणितातच येते, आणि त्याच पुस्तकात सीमा व अवकलजाची तोंडओळखही उरकली जाते. दहावीनंतरची ही चढण उभीच आहे.

वडोदऱ्यात भाषेचा पेच जुना आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात, त्रिभुवनदास गज्जर यांच्या आग्रहामुळे तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा प्रयत्न झाला. कलाभवनाच्या वास्तूत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची (स्थापना १९४९) तंत्रज्ञान शाखा आहे. तिथले माध्यम मात्र इंग्रजी. गुजराती माध्यमातला मुलगा फलनाला ‘विधेय’, सीमेला ‘लक्ष’ म्हणतो. घरी मराठी बोलणाऱ्याला विधेय म्हटले की व्याकरणाचा तास आठवतो. पुढे हीच नावे इंग्रजीत पुन्हा शिकावी लागतात.

खरी अडचण शब्दांपलीकडची आहे. ‘साइन (अ + ब)’ म्हणजे ‘साइन अ + साइन ब’ असे विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात, जणू साइन ही कंसाबाहेरची संख्याच. सूत्र घोकून घेण्याआधी ३०° आणि ६०° घालून पाहायला लावावे: डावीकडे १, उजवीकडे ०.५ + ०.८६६, म्हणजे १.३६६. साइनची किंमत १ च्या वर जातच नाही, हे वर्गातले कोणीतरी आपणहून म्हणते.