शाळा आणि मंदिर : जे. जे. स्कूलच्या इतिहासाचा फेरविचार

मराठी कलाविचारात एक गृहीत चांगलेच रुळले आहे : मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने यथार्थदर्शी चित्रपद्धती वासाहतिक सत्तेच्या वतीने आपल्यावर लादली. संस्थेचा इतिहास पाहता हे अर्धेच खरे ठरते.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली, ती मुळात चित्रकार घडवण्यासाठी नव्हे. कारागिराच्या हाताला आरेखनाची शिस्त लागावी, ही त्यामागची प्रमुख धारणा. १८६५ मध्ये आलेले जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवीत. क्रॉफर्ड मार्केटवरील शिल्पपट त्यांचे. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी पानाफुलांत विद्यार्थ्यांचे हात आहेत. (कारागीर आणि कलावंत हा भेद आपल्याकडे रुजण्यात याच शाळेचा वाटा मोठा, हेही ध्यानात ठेवायला हवे.) सत्तेला हवे होते ते अलंकरण. व्यक्तिचित्राची आणि मानवाकृतीची ओढ बव्हंशी विद्यार्थ्यांची होती. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ (१८९६) ही त्या ओढीची साक्ष. तिची शरीररचना पाश्चात्त्य अभ्यासातून आलेली, नऊवारीची चुण मात्र इथली.

उलटपक्षी, जिला आपण ‘भारतीयत्व’ म्हणतो तिची एक वाटही याच शाळेतून गेली. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत त्यांपैकी अनेक जळाल्या. १८९६-९७ मध्ये निघालेल्या दोन खंडांवर नाव आहे ते ग्रिफिथ्स यांचे. गुहांच्या अंधारात वर्षानुवर्षे राबलेल्यांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखी मोजकीच नावे आपल्याला ठाऊक असतात.

१९१९ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. जिवंत मॉडेलवरून अभ्यास आणि भित्तिचित्रांचा वर्ग शेजारी-शेजारी चालू लागले, आणि १९२०च्या दशकाअखेर मुंबईच्या चित्रकारांनी नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगवल्या. तेव्हा यथार्थदर्शन म्हणजे दास्य आणि अजिंठा म्हणजे प्रतिकार, ही विभागणी टिकत नाही. दोहोंनाही राजाश्रय होता, दोहोंतही आपल्या माणसांची खरी निष्ठा होती.

या गुंतागुंतीचा सर्वांत बोलका दस्तऐवज मराठीतच आहे. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आलेले आणि पुढे तेथेच अध्यापक झालेले रावबहादूर म. वि. धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे आत्मकथन. कारागिरांसाठी काढलेल्या, सरकारी अमलाखालच्या शाळेला ते ‘मंदिर’ म्हणतात. आणि त्याच शीर्षकात, सरकारी नोकराने सेवाकाल मोजावा तशी, वर्षेही मोजतात.