कौल कोणाचा घ्यावा? मराठी ख्रिस्ती चरित्रांतील एक धागा

मुलीचे लग्न ठरवावयाचे असो, घराचा पाया खणावयाचा असो की दूरदेशी नोकरीस निघावयाचे असो, मराठी माणूस आधी देवाला विचारतो. कोकणात ग्रामदेवतेला कौल लावतात, देशावर पंचांग उघडतात. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील मुलूख सोडताना कुलदैवतापुढे नारळ ठेवूनच निघाले असतील. मग एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांनी देवाला कसे विचारले? कौल सुटला, पंचांग मिटले, उपाध्याय उंबरठ्याबाहेर राहिला. त्या रिकाम्या जागी काय आले, हा प्रश्न आम्हांस धर्मचर्चेपेक्षा इतिहासाचा वाटतो. त्याचे सर्वांत बोलके उत्तर मिळते ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रात.

रमाबाई जन्मापासूनच बृहन्महाराष्ट्राच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे अरण्यात आश्रम थाटला होता. तेथे १८५८ साली त्यांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचे सारे संपले होते. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या दिवसांचे वर्णन आहे. व्रते झाली, उपवास झाले, दानधर्म झाला, देव बोलेना. अखेर जलसमाधी घ्यावी असा विचार ठरला. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की, जातीचा अभिमान सोडून मी मोलमजुरी करीन व तुम्हांला पोशीन. थोड्याच दिवसांत वडील गेले, पाठोपाठ आई व थोरली बहीण. मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचा उपदेश केला. कोणता देव, हे शास्त्रीबोवांच्या मनात स्पष्टच होते. मुलीला मात्र तो शोधावा लागला.

भावाबहिणीची पायपीट १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला आणि संसार आसामातील सिलचर येथे मांडला गेला. १८८२ मध्ये पतीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथवरची हकीकत सर्वपरिचित आहे. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो पुढचा पत्रव्यवहार. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेल्या या पत्रांत एकच वाद फिरून फिरून येतो: देवाची इच्छा शिष्येला कळते की गुरूला? रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. मुंबई व लाहोर येथील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. हिंदुस्थानात भरसभेत व्याख्याने दिलेल्या बाईला हे कसे मानवावे? गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की, देवाने मला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे. भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते आता दुसऱ्या उपाध्यायांचे घेण्यासाठी नव्हे. दोघींचे परस्परांवर प्रेम होते, म्हणूनच ही पत्रे वाचताना मनाला चटका बसतो. आमच्या मते कौलाच्या जागी काय आले याचे पहिले उत्तर येथेच आहे. शास्त्र स्वतः वाचणे, प्रार्थना करणे, आणि नंतर जो निर्णय होईल त्याची जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर न घालणे.

पण स्वतःच्या मनाची ओढ आणि देवाची हाक यांत फरक कसा करावयाचा? हा प्रश्न १८९३ साली पुण्यात उभा राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले होते. बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते, आणि संस्थेचे धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ होते. रमाबाई आपली प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत. मुली येऊन बसत. त्यांना हाकलून देणे देवाशी प्रतारणा ठरेल, असे रमाबाईंना वाटे. तटस्थतेच्या शब्दावर विसंबून विधवा मुली पाठविणाऱ्या पालकांस ही फसवणूक वाटली. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, अनेक मुली काढून नेल्या गेल्या. रमाबाईंच्या सचोटीविषयी आम्हांस शंका नाही. तरी उघड्या दाराचा मोह कोवळ्या वयाच्या आश्रित मुलींना किती पडतो, हे त्यांनी पुरेसे जोखले होते असे म्हणवत नाही. देवाला विचारून घेतलेल्या निर्णयाचाही हिशेब माणसांना द्यावा लागतो.

त्याच वर्षी आणखी एका मराठी माणसाचा प्रवास सुरू झाला, आणि तोही महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या गाडीत. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास निघाले असता डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. त्याने बायबलमधील नवा करार हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत. कवीचे मन, त्यांना संकेत दिसावयाचे आणि ते लगेच त्यामागे निघावयाचे. पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र बाप्तिस्म्याची वार्ता मागाहून कळली. ईश्वरी संकेत एकाला व्हावा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा प्रकार ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास नवा नाही. लक्ष्मीबाई काही वर्षांनी पतीकडे परतल्या, पण धर्म त्यांनी त्यांच्या मागे फरफटत जाऊन घेतला नाही. सोवळेओवळे, जातपात यांचा विचार स्वतःशीच करीत, एकेक गाठ सोडवीत त्या १९०० साली बाप्तिस्म्यापर्यंत आल्या. संकेत नाही, स्वप्न नाही. चुलीपुढे बसून केलेला विचार. दोघांत कोणाची वाट अधिक अवघड होती हे सांगावयास नकोच. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरीही सोडली व ‘देवाचा दरबार’ उभारला. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते निवर्तले.

रमाबाईंची रीत या दोहोंच्या मधली दिसते. इंग्लंडातील जॉर्ज म्यूलर आणि चीनमधील हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली होती. कोणाकडे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर संस्था चालविणारी ही माणसे. तेथे चालते ते हिंदुस्थानात का चालू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. १८९५ च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याच्या शिबिरास त्या पंधरा मुलींसह गेल्या असता त्यांनी प्रार्थना केली की, या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात. देवापुढे गणित मांडणारी अशी भक्ती आम्ही अन्यत्र फारशी पाहिलेली नाही. मात्र त्या नुसत्या वाट पाहत बसल्या नाहीत. दहा वर्षांची मदत संपावयाची होती, म्हणून पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली, विहिरी खणल्या.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या आल्या. स्वतःच्या आईवडिलांना अन्नावाचून मरताना पाहिलेल्या बाईला या हाकेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. जवळ पैसा बेताचाच. तरी त्या गेल्या, अन्नछत्रांच्या आसपास अनाथ मुलींवर टपलेली माणसे पाहिली, आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतकी नवी माणसे ठेवता येईनात. तेव्हा फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीनच कामी आली. तेथेच मुक्तिसदन वाढले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर वस्ती दीड हजारांवर गेली. इतक्या तोंडांचे रोजचे दळण, कपडे, औषधपाणी, शाळा, विणकाम, छापखाना! अशा ठिकाणी ईश्वरी मार्गदर्शन म्हणजे आकाशवाणी नसते. आज कोणती विहीर उपसावयाची आणि आजारी मुलींना कोठे हलवावयाचे, याचाच तो विचार असतो, आणि रमाबाई तोही गुडघे टेकूनच करीत.

उत्तरायुष्यात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबल त्यांच्या खेड्यातल्या मुलींना जड जाई. देवाला काय म्हणावयाचे आहे हे जिचे तिला वाचून कळावे, मध्ये दुभाषी नसावा, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण ग्रंथ सोप्या मराठीत उतरविला. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनातील बायकांनी केले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. जिच्या हाती संस्था सोपवावयाची तीच गेली, तरी रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला. तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.