लाईट आली आणि घात झाला

सकाळी १०:४०. घाताला दहा तास सात मिनिटं.

हातकणंगल्यात दादाच्या घरी दुसऱ्या दिवशी पुतणीचा साखरपुडा. पाहुणे जयसिंगपूरचे. पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे हॉल, जेवणाची पानं, पुण्याहून रेल्वेनं येणाऱ्यांना स्टेशनवरून कोण आणणार, हे सगळं त्याच्याच गळ्यात. इचलकरंजीला रेल्वे नाही, म्हणून तिकडची भावकीही आमच्याच स्टेशनवर उतरते. दोन्हीकडच्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि त्याचा अ‍ॅडमिनही तोच.

दादानं इचलकरंजीच्या ऑफिसातला सुताचा हिशेब लिहायचा जादा मॉनिटर गाडीत टाकून आणला. "यादी हिकडं उघड, ग्रुप तिकडं," म्हणाला. पोरानं तो मूळ मॉनिटरच्या उजव्या अंगाला मांडला, डिस्प्लेपोर्टची केबल खोचली, आणि विंडोजनं न विचारता दोन्ही पडदे जोडून घेतले.

गोची इथूनच सुरू झाली. डोळ्यांना दोन पडदे दिसतात, विंडोजला ते बांध मोडून एक केलेलं शेत वाटतं. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. माउसचा बाण एकच. डाव्या पडद्याची उजवी कड आली की तो न अडखळता पलीकडे जातो. यादी आणि ग्रुप सांभाळायला झकास. गेम खेळायला घातक.

दुपारी १:१५

इन्व्हर्टरच्या लाइनवरचे सॉकेट भरलेले: कॉम्प्युटर, मोठा मॉनिटर, वायफायचा राउटर. नवा मॉनिटर भिंतीवरच्या साध्या बोर्डात गेला. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

दुपारी ३:३०

रात्री आठला मॅच होती. एज ऑफ एम्पायर्स २, दोघांविरुद्ध दोघे, पुतण्याचा जोडीदार इचलकरंजीतल्या त्याच्या घरून. हा गेम मूळचा १९९९ चा. माझ्या पिढीनं तो नेट कॅफेत तासावर पैसे मोजून खेळलाय. २०१९ ला नवी आवृत्ती आली आणि पोरंही त्याच्या नादाला लागली.

सरावाला बसल्यावर पाचच मिनिटांत बाण पळाला. नेमबाजीच्या गेममध्ये हे सहसा जाणवत नाही, कारण तिथं बाण लपवलेला असतो आणि गेम फक्त हाताची हालचाल मोजतो. एज ऑफ एम्पायर्ससारख्या गेममध्ये मात्र बाण सतत दिसतो आणि नकाशा सरकवायला तो पडद्याच्या कडेला टेकवावा लागतो. माउस जोरात उजवीकडे फेकायचा, कडेवर बाण आपोआप थांबतो, नकाशा सरकतो. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथं लागू पडतो: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात लवकर पोचतो. पडद्याची कड कितीही जोरात फेकलं तरी चुकत नाही, म्हणून वापरणाऱ्याला ती अमर्याद रुंद असल्यासारखी असते. शेजारी दुसरा पडदा आला की ही कडच नाहीशी होते.

पोरगं हुशार. त्यानं शोधलं. विंडोजमध्ये 'क्लिपकर्सर' नावाचं फंक्शन आहे. गेमनं ते वापरलं की बाण ठरावीक चौकोनात कोंडला जातो. पण बाण सगळ्या प्रोग्रामांच्या मालकीचा, त्यामुळे दुसऱ्या खिडकीत गेलं की कोंडणं सुटतं आणि परत आल्यावर गेमनं ते नव्यानं लावायचं असतं. काही गेम विसरतात, आणि लोक माउसला शिव्या घालतात. पुतण्यानं गेमच्या सेटिंगमध्ये कोंडायचा पर्याय चालू केला. बाण कडेवर आपटून थांबायला लागला. प्रश्न मिटला होता.

संध्याकाळी ५:२०

प्रश्न मिटला तो दीड तासच. ग्रुपवर दर दोन मिनिटांनी कुणीतरी काहीतरी विचारत होतं. हॉल कुठल्या बाजूला? पार्किंग आहे का? आत्या किती वाजता निघाली? उत्तर द्यायला दर वेळी ऑल्ट-टॅब दाबून बाण सोडवायचा. कंटाळून त्यानं कोंडणं काढून टाकलं. मी विचारलं, तर म्हणाला, "काका, मॅच सुरू झाली की विंडोज-पी दाबून दुसरा पडदाच बंद करतो की."

हे करायला हरकत नव्हती. विंडोज आणि पी एकदम दाबून 'फक्त कॉम्प्युटरचा पडदा' निवडला की दुसरा पडदा हिशेबातून जातो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन्ही पडद्यांचे चौकोन ओढून फक्त कोपऱ्याला कोपरा भिडवला तरी बाण सहज निसटत नाही. मला हा दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण तो दर वेळी लक्षात ठेवावा लागत नाही. तरण्या पोरांना कायमचा बंदोबस्त पटत नाही. वेळेवर एक बटण दाबू, यावर त्यांचा विश्वास.

संध्याकाळी ७:५२

लाईट गेली.

इन्व्हर्टरनं घर सांभाळलं. साध्या बोर्डातला मॉनिटर काळा पडला आणि विंडोजनं तो निघून गेला असं धरून ग्रुपची खिडकी खाली गुंडाळून ठेवली. उरला एकच पडदा. पुतण्यानं उजव्या कडेवर माउस आपटून पाहिला, बाण थांबला. विंडोज-पीची गरजच संपली. महावितरणनंच पडदा बंद केला होता.

रात्री ८:३०

समोरच्या दोघांपैकी एकाचं नेट लाईटबरोबर गेलेलं, ते येईपर्यंत अर्धा तास गेला. मग मॅच सुरू झाली. पुतण्यानं गुर्जर घेतले होते. हे लोक २०२२ मध्ये गेममध्ये आले. यांना मेंढरं कापून खाण्याऐवजी गिरणीत ठेवून सतत धान्य मिळवता येतं. गावाकडच्या माणसाला हे लगेच पटतं.

खेळ सुरेख चालला होता. उजव्या कडेवर माउस फेकायचा, नकाशा सरकायचा, परत गावठाणात. घरात दुसरीकडे आहेराच्या साड्यांवरून वाद चाललेला, तो त्याच्या कानावरही नव्हता.

रात्री ८:४४

तीसेक क्रॉसबोवाले घेऊन पुतण्या शत्रूच्या दारात. जोडीदाराचे घोडेस्वार मागून येत होते. एवढ्यात समोरून मँगोनेल निघाला, दगड फेकणारं यंत्र. त्याचा मारा ४०, क्रॉसबोवाल्याचा जीव ३५. गर्दीत दगड पडला तर मधले सगळे एका फटक्यात जातात. यावर उपाय एकच: दगड हवेत असताना डावं बटण दाबून, ओढून निम्मे जवान निवडायचे, त्यांना एका बाजूला पळवायचं, उरलेल्यांना दुसऱ्या. एखाद-दोन सेकंदांचा खेळ आहे. पोरगं त्यात तरबेज. पहिला दगड मोकळ्या जमिनीत गेला. दुसराही.

रात्री ८:४७

लाईट आली.

गल्लीत पोरांनी आरोळी ठोकली, घरात पंखे फिरले. पुतण्याचा पडदा क्षणभर काळा होऊन परत उजळला. त्याला वाटलं व्होल्टेज हललं. उजव्या हाताचा मॉनिटर जागा झाला होता. विंडोज ११ ला कुठली खिडकी कुठल्या मॉनिटरवर होती हे लक्षात राहतं. त्यानं इमानेइतबारे ग्रुप पुन्हा जागेवर मांडला.

तिसरा दगड सुटला. पुतण्यानं माउस उजवीकडे फेकला. कडेवर थांबायचा बाण थेट पलीकडे गेला आणि डावं बटण दाबलं गेलं ते ग्रुपमध्ये निरोप लिहायच्या चौकटीत.

गेम मागे चालूच होता. चौघांच्या खेळात तो एकासाठी थांबत नाही. दगड पडला. तीस जवान गेले.

त्याची नजर मात्र मोठ्या पडद्यावरच. गावठाणावर परत यायला तो एच दाबत राहिला. काही हलेना. मग जोडीदाराला सावध करायला त्यानं सवयीनं एंटर दाबला (गेममध्ये यानं बोलायची चौकट उघडते), भराभर निरोप टाइप केला, पुन्हा एंटर.

साखरपुड्याच्या ग्रुपवर दोन्हीकडच्या मंडळींना अ‍ॅडमिनकडून दोन निरोप गेले. पहिला, इंग्रजीतले तीन एच. दुसरा:

"माघारी फिर भावा. पुढं काय खरं न्हाई."

रात्री ८:४९

जयसिंगपूरहून फोन आला. नवऱ्या मुलाचे वडील. दादानं स्पीकर लावला नव्हता, तरी आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"पाव्हणं, पोरगा गेम खेळत होता, त्यातलं हाय ते," दादा सांगत होता. घाम पुसत होता.

"कुठली गेम? आमचा पोरगा इचारतोय, माघारी फिरू का पुढं येऊ?"

मागून हसण्याचा आवाज आला तेव्हा कुठं दादा खुर्चीत बसला. पुतणीनं मात्र हसण्याची वाट न बघता भावाचं अ‍ॅडमिनपद काढलं आणि ग्रुप काकूच्या ताब्यात दिला. यादीसकट.

रात्री ९:०५

मॅच हरून झाली होती. इचलकरंजीच्या जोडीदाराचे घोडेस्वार एकटेच पुढं गेले आणि कापले गेले. त्याचा फोन आला, आवाज चांगलाच तापलेला:

"भावा, निदान माघारी फिर एवढं तरी लिहायचं होतंस की."