प्रस्तावना : कंपनीचे ग्रंथालय आणि वर्गणीचा दर

कंपनीच्या ग्रंथालयात नवखा माणूस शिरला की आधी कपाटे शोधतो. ती थोडीच असतात, कधी नसतातच. औषध, रसायन किंवा अभियांत्रिकी कंपनीच्या ग्रंथपालाचा बराचसा संग्रह दुसऱ्याच्या संगणकावर असतो, आणि बहुतेक डेटाबेसांच्या बाबतीत वर्गणी थांबली की तो हातचा जातो. म्हणून या विषयाची सुरुवात वर्गीकरणापासून न करता दरपत्रकापासून करावी, असे माझे मत आहे. ग्रंथपाल दिवसभर काय काम करतो, हे पुष्कळसे दर कसा लावला आहे यावरच ठरते.

१९७२ साली अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीने ‘डायलॉग’ ही शोधसेवा व्यापारी तत्त्वावर खुली केली. रॉजर समिट हे तिचे शिल्पकार. पैसे मोजायचे ते जोडणीच्या वेळेवर, प्रत्येक डेटाबेसचा भाव वेगळा, छापून घेतलेल्या नोंदींचे आणखी निराळे. टॅक्सीचे मीटर चालू ठेवून कोणी पत्ता विचारत बसत नाही. त्यामुळे निम्मे काम जोडणीआधी कागदावर उरकले जाई. संशोधक येऊन म्हणे, “गंजरोधक लेपांवर काय आहे ते बघा.” ग्रंथपाल त्याला समोर बसवून घेई. धातू कोणता? समुद्राचे पाणी की ॲसिड? किती वर्षे मागे जायचे? पेटंटे हवीत की नुसते लेख? मग समानार्थी शब्दांची यादी, कोणता शब्द कुठे छाटायचा याच्या खुणा, ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ची मांडणी. एवढे झाल्यावरच मोडेमला हात. बिल अनेकदा ज्याचे काम त्या विभागाच्या खात्यावर टाकले जाई. जाणत्या हाताशिवाय शोध परवडतच नव्हता, आणि ग्रंथपालाचे कंपनीतले वजन यातूनच आले होते.

पुढे ठोक वार्षिक वर्गणीचा जमाना आला. १९९५ मध्ये आलेले ‘सायफाइंडर’ तर रसायनतज्ज्ञाने स्वतःच्या टेबलावर बसून शोध घ्यावा म्हणूनच तयार झाले होते. जिथे अमर्याद वापराची वर्गणी घेतली गेली, तिथे एक शोध घेतला काय नि शंभर घेतले काय, खर्च तोच. संशोधकाला मनमुराद चाचपडण्याची मुभा मिळाली, हे उत्तमच झाले. पण प्रश्न नेमका करून घेणारी ती पाच मिनिटांची उलटतपासणी त्याबरोबर गेली. या नुकसानीची नोंद कोणत्याच वापर-आकडेवारीत होत नाही. सुटलेले एखादे पेटंट किती महागात पडले, ते फार उशिरा कळते.

ग्रंथपालाचे टेबल आता करारांनी भरलेले असते. ‘अधिकृत वापरकर्ता’ कोणाला म्हणायचे? कंत्राटी संशोधक त्यात धरायचा का? कंपन्यांचे विलीनीकरण झाले तर नव्याने आलेल्यांचे काय? दर एकूण नोकरदारांवर लावला तर कारखान्यातला वेल्डरही रासायनिक डेटाबेसचा वाचक ठरतो. फक्त संशोधन विभागावर लावला तर आकडा एकदम खाली येतो. आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. प्रकाशकांचे वर्ष बहुधा जानेवारीत उजाडते, आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. नूतनीकरणाचे पत्र येते तेव्हा बजेट तळाला गेलेले असते, त्यात डॉलरचा भाव. शेजारच्या कंपनीने काय भरले हे विचारावे, तर करारात गुप्ततेचे कलम.

वर्गणी भरली म्हणजे सगळे हक्क मिळाले, या समजाला टेक्साको खटल्याने धक्का दिला. कंपनीकडे ‘जर्नल ऑफ कॅटॅलिसिस’ची वर्गणी होतीच, तिच्या एका संशोधकाने त्यातल्या आठ लेखांच्या झेरॉक्स प्रती स्वतःच्या फाइलसाठी ठेवल्या होत्या. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने हा वापर ‘न्याय्य’ मानला नाही. तेव्हापासून प्रतींच्या परवान्यासाठी वेगळी तरतूद करणे हा कंपनी-ग्रंथालयाच्या कामाचा भाग झाला.

भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. मात्र ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. पुण्यामुंबईतल्या खासगी औषध किंवा अभियांत्रिकी कंपनीचा ग्रंथपाल तिच्याबाहेरच राहतो. त्याला वाटाघाट एकट्यानेच करावी लागते, आणि प्रामुख्याने त्याच्यासाठीच हे पुस्तक आहे.

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांचेही इथे स्वागत आहे. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा. फक्त एक करा : तुमच्या संस्थेचा एखादा चालू वर्गणी-करार मागून घ्या, त्यातले व्याख्यांचे पान आधी वाचा, आणि तो शेजारी ठेवूनच पहिले प्रकरण उघडा.