सहावी ते आठवीचे अध्यापन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

हडपसरच्या मगरपट्टा परिसरात संगणक क्षेत्रातील कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. तेथे रोज वापरली जाणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता आपल्या मुलांच्या गृहपाठापर्यंत पोहोचली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत तिचा उपयोग कसा व्हावा, हा शाळेइतकाच धर्मग्रामातील पालकांचाही प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

डिजिटल साधने तशी नवी नाहीत. केंद्र सरकारचे 'दीक्षा' व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाईलने टिपला की पाठास पूरक असे दृक्‌श्राव्य साहित्य मिळते. चॅटजीपीटीचे तसे नाही. ते शब्दांच्या संभाव्य क्रमावरून उत्तर रचते. त्यामुळे चुकीची माहितीही ठामपणे सांगते. शिवाय ते तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाही आणि अठरापर्यंत पालकांची संमती हवी, ही अट निर्मात्या कंपनीनेच घातली आहे. सहावी-सातवीतील बहुतेक मुले तेरा वर्षांखालीच असतात, हे किती पालकांच्या ध्यानी आहे?

व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी 'अँटिक्वा एट नोव्हा' हे निवेदन प्रसिद्ध केले. शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासातून जुळणारे नाते यंत्र देऊ शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. मुलांना विचार करावयास लावण्याऐवजी ही साधने तयार उत्तरे देतात, याविषयीची चिंताही त्यात आहे.

शिक्षकांनी प्रश्नसंच व उदाहरणे तयार करण्यासाठी यंत्राची मदत जरूर घ्यावी. यंत्राचे चुकलेले उत्तर फळ्यावर लिहून मुलांना त्यातील चूक शोधावयास सांगणे, हा तर आमच्या मते त्याचा सर्वांत चांगला उपयोग. निबंध मात्र मुलानेच लिहावा, मोडकातोडका का होईना.