थयथयाटावरचा उतारा

माणसाला धक्का बसला की शेजारी धावून येतात. मोटारीला बसला तर कोण येतं, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतल्या लोकांना पडला. स्प्रिंगा घातल्या की खड्डा पचतो, हे बग्गीवाल्यांना आधीच ठाऊक होतं. पण स्प्रिंग ही आमच्या सोसायटीच्या सभेसारखी. एकदा उसळली की मुद्दा संपला तरी उसळतच राहते. तिला आवरायला जो सेक्रेटरी नेमला तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक झडपा. तेल त्यातून रखडत रखडत जातं, गरम होतं, आणि उसळीचा जोर त्या उष्णतेत जिरतो. म्हणजे धक्का खाते बिचारी स्प्रिंग, हा नुसता मागचा थयथयाट थांबवतो, तरी 'धक्काशोषक' ही पदवी याला! काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार बँकेत वीस वर्षं पाहत असल्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

या धंद्यातलं एक मोठं नाव गॅब्रिएल. अमेरिकेत क्लीव्हलँडचे क्लॉड फॉस्टर आधी मोटारीचे भोंगे बनवत आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव त्यांनी भोंग्याला दिलं. पुढे ते उसळी आवरणारा पट्टा बनवू लागले. आधी लोकांना दचकवायचं आणि मग धक्क्यावर औषध विकायचं, याला व्यापारी दृष्टी म्हणतात. आम्ही बी.कॉम. होऊनही ती आली नाही, ते सोडा. 1961 साली गॅब्रिएल इंडिया स्थापन झाली आणि तिचा कारखाना आला आपल्या मुलुंडला.

आता हा भूगोल पाहा. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरचा कारखाना. कंपनी 1944 ची, 1947 मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, 1954 पासून फियाट 1100 आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी. मुलुंडला शॉक. मधे विक्रोळीत गोदरेजची कपाटं आणि टाइपरायटर. आणि या सगळ्यांना जोडणारा रस्ता आग्रा रोड, म्हणजे आताचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, त्याने खड्डे पुरवले. एकाच रस्त्यावर रोग, रोगी आणि औषध अशी सोय दुसरीकडे क्वचितच असेल. आग्र्याहून सुटका हा इतिहास झाला. आग्रा रोडवरून सुटका व्हायची आहे.

आमचे साडू विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतात. त्यांचे वडील कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर होते. त्या काळी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. दुसऱ्यांच्या गाड्यांचे बोल्ट आवळत आवळत त्यांनीही वाट पाहिली आणि 1985 साली स्वतःची पद्मिनी आणली. साडूंनी ऐन तारुण्यात तिची 'स्पोर्ट्स कार' केली. म्हणजे स्टिअरिंगजवळचा गिअर जमिनीवर आणला आणि टायर रुंद बसवले. त्या काळी मद्रासजवळच्या शोलावरमला अशा सजवलेल्या फियाटी खरोखर शर्यतीत धावत. साडूंची मात्र मुलुंड चेकनाक्याच्या पुढे कधी गेली नाही.

2025 साली नोंदणीचं नूतनीकरण आलं. गाडी तपासणीत नापास झाली तर भंगार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, तेव्हा साडूंच्या आई दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. आणि इथे मागचे दोन्ही शॉक तेल गाळून बसलेले. पाठीमागे कोणी बसलं की गाडी होडीसारखी डुलायची.

जुने काढून ठेवलेलेच होते. रविवारी नवे बसवायला घेतले. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडीची मागची बाजू लोखंडी घोड्यांवर टेकवली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, ही वडिलांची शिस्त. मी बॅटरी धरली. नवा शॉक साडूंनी उभा धरून सहा-सात वेळा दाबला आणि ओढला. आडवा पडून राहिला की आत हवा शिरते, ती काढावी लागते. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, नाहीतर गाडी एका कुशीवर वागते. वरचा बोल्ट घातला, खालचा घातला. मी म्हटलं, "आवळा आता." तर म्हणे, "थांबा हो! चाकांवर वजन येऊ दे. लटकत असताना आवळलं तर रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि चार महिन्यांत फाटतात." कर्जदाराला हप्ता ठरवून देतानाही हेच तत्त्व लावायला हवं, असं मला वाटून गेलं, पण वरिष्ठांना सांगण्यात अर्थ नाही.

गाडी खाली उतरवली. मग पाना आला. त्याच्या दांड्यावर वडिलांनी छिन्नीने कोरलेली आद्याक्षरं होती. साडूंनी शेवटचा पीळ दिला आणि तो पाना बराच वेळ पुसत बसले. मी बॅटरी उगाचच चालू ठेवली.

डिकीवर जोर देऊन सोडलं. गाडी खाली गेली, वर आली आणि गप्प राहिली. गुरुवारी ती पास झाली, पाच वर्षांसाठी. संध्याकाळी आईंना मागच्या सीटवर बसवून भांडुपपर्यंत नेलं. बाहेर बघत त्या म्हणाल्या, "निवडणुका आल्यात का रे? खड्डे बुजवलेले दिसतात."